आधी गाणी, मग पिक्चर: आयर्लंडच्या ॲनिमेशनपटांची वाट पाहताना

पिक्चर बघायला जाताना त्याची गाणी आधीच पाठ असणं, यात तुम्हाला-मला काही नवल वाटत नाही. कॅसेटच्या दुकानात जाऊन 'आली का हो?' असं विचारून परत येणं, मग आली की कव्हरवरच्या बारीक अक्षरात गायक कोण, गीतकार कोण ते वाचत बसणं, आणि पिक्चर लागेपर्यंत दोन्ही बाजू झिजवून टाकणं, हे आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी केलंय. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला तेव्हा पहिल्याच खेळाला लोक थिएटरात नाचायला उठले, कारण अजय-अतुलची गाणी त्याआधीच वरातींत आणि रिक्षांत वाजत होती. गाणं पडद्यावर पहिल्यांदा ऐकायचं नसतंच मुळी. ते पडद्यावर भेटायचं असतं, ओळखीच्या माणसासारखं.

ही सवय जुनी आहे, आणि ती घडवण्यात एका मराठी माणसाचा उलटा हातभार आहे. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची फिल्मी गाणी त्यांनी जवळजवळ हद्दपार केली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि देश बुधवारी रात्री कोलंबोकडे कान लावून बसू लागला. १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारने हात टेकले. पण तोवर एक गोष्ट पक्की झाली होती: गाण्याचं आयुष्य पिक्चरच्या आयुष्यापेक्षा वेगळं आहे. ते आधी सुरू होतं आणि नंतरही चालू राहतं.

आता ही सवय मनात ठेवून आयर्लंडला चला. या वेळच्या भागात आपण किल्केनीच्या कार्टून सलून या स्टुडिओबद्दल बोललो. चित्रांबद्दल, केल्सच्या पोथीबद्दल, पैसे कुठून आले त्याबद्दल. संगीताचा धागा वेळेअभावी मागे राहिला, तो इथे घेतो. कारण माझ्या मते या स्टुडिओच्या चित्रपटांची वाट पाहणाऱ्यांनी खरी वाट पाहिली ती गाण्यांची. आणि ती वाट पाहणं साधं नव्हतं. त्यात भाषेचा एक जुना हिशेब अडकलेला होता.

आधी थोडं तंत्र सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. ॲनिमेशनमध्ये पात्र गाणार असेल तर गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि चित्रं नंतर काढली जातात. ओठ कुठे उघडायचे, श्वास कुठे घ्यायचा, मान कुठे वळवायची, हे सगळं चित्रकार गाणं ऐकून ठरवतो. आपल्या प्लेबॅकचीच ही पद्धत, फक्त इथे नटाच्या जागी पेन्सिल असते. म्हणजे पिक्चर लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधी गाणं तयार असतं. पार्श्वसंगीताचं मात्र बरोबर उलटं. दृश्यांची लांबी सेकंदापर्यंत पक्की झाल्याशिवाय ते मुद्रित करता येत नाही, त्यामुळे ते अगदी शेवटी, घाईत होतं. साउंडट्रॅक अल्बम म्हणून जे हातात येतं त्यात हे दोन्ही एकत्र असतं: वर्षानुवर्षं कुणाच्या तरी टेबलावर वाजत असलेलं गाणं, आणि महिन्याभरापूर्वी जन्मलेलं संगीत.

चित्रपटाच्या मूळ ध्वनिपट्टीवरून रेकॉर्ड काढून विकायची सुरुवातही एका ॲनिमेशनपटानेच केली. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ ला झाला, देशभर तो लागला फेब्रुवारी १९३८ मध्ये, आणि मधल्या जानेवारीत व्हिक्टर कंपनीने त्याच्या गाण्यांचा तीन तबकड्यांचा संच बाजारात आणला. म्हणजे अमेरिकेतही पहिल्यांदा झालं ते आपल्यासारखंच, बहुतेक गिऱ्हाइकांनी गाणी आधी ऐकली. गंमत म्हणजे त्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क डिस्नेने दुसऱ्या कंपनीला देऊन टाकले होते, आणि स्वतःच्याच पिक्चरची गाणी हातातून गेल्याचं दुःख त्यांना पुढे अनेक दशकं पुरलं. गाणं कुणाचं, हा प्रश्न अगदी पहिल्या अल्बमपासूनचा आहे.

आयर्लंडमध्ये तो प्रश्न डब्लिनच्या फिनिक्स पार्कजवळ येऊन उभा राहिला.

१९७९ मध्ये डॉन ब्लूथ नावाचा ॲनिमेटर गॅरी गोल्डमन आणि जॉन पोमरॉय या सहकाऱ्यांसह डिस्ने सोडून बाहेर पडला. पुढे मॉरिस सलिव्हन या उद्योजकाच्या साथीने त्यांनी स्टुडिओ काढला आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला तो कॅलिफोर्नियातून थेट डब्लिनला हलवला. का? कारण आयर्लंडचं औद्योगिक विकास प्राधिकरण अनुदान देत होतं. त्या काळचा आयर्लंड म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास बेकारी आणि दर घरातून एक तरी पोरगं लंडनला किंवा बॉस्टनला गेलेलं. अशा शहरात अमेरिकन माणूस येतो आणि म्हणतो, चित्रं काढायला शेकडो माणसं हवीत. सरकारने पायघड्या घातल्या त्यात नवल नाही.

डब्लिनमध्ये पूर्ण तयार झालेला ब्लूथचा पहिला मोठा चित्रपट म्हणजे नोव्हेंबर १९८८ मधला 'द लँड बिफोर टाइम'. डायनोसॉरच्या पिल्लांची गोष्ट, स्टीव्हन स्पिलबर्ग आणि जॉर्ज लुकास यांचं पाठबळ. पेन्सिली डब्लिनच्या, पण संगीत जेम्स हॉर्नरचं, ते वाजवलं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने, आणि शेवटचं गाणं गायलं डेट्रॉइटच्या डायना रॉसने. ते गाणं पुढे १९९० मध्ये जपानमध्ये एका टीव्ही मालिकेमुळे तुफान गाजलं. म्हणजे बघा, चित्रं आयर्लंडमध्ये रंगली, सूर लंडनमध्ये भरले, आवाज अमेरिकेचा आणि वेड लागलं तोक्योला. यात आयरिश म्हणावं असं कानाला काहीच लागत नाही. नंतरच्या 'थंबेलिना'ची (१९९४) गाणी बॅरी मॅनिलोची होती, आणि त्यातल्या एका गाण्याला त्या वर्षीचं सर्वांत वाईट गाण्याचं रॅझी पारितोषिक मिळालं. ते जाऊ द्या.

मला इथे त्या काळच्या डब्लिनकरांवर टीका करायची नाही. घरात पगार येत होता, पोरं बाहेर न जाता राहत होती, हे थोडं नाही. पण आयर्लंडसारखा देश, जिथे पबच्या कोपऱ्यातही कुणी ना कुणी फिडल घेऊन बसलेलं असतं, तिथे शेकडो माणसं वर्षानुवर्षं सिनेमा बनवतात आणि त्या सिनेमाला तिथला एकही सूर लागत नाही, हे विचित्र आहे. हात भाड्याने दिले होते. कान कुणी मागितलेच नव्हते.

एक अवांतर. फिनिक्स पार्कच्या नावाचा त्या राखेतून उठणाऱ्या पक्ष्याशी काही संबंध नाही. आयरिशमधल्या 'फिऊन इश्के' म्हणजे 'स्वच्छ पाणी' या शब्दांचं इंग्रजी कानांनी केलेलं ते फिनिक्स. आपल्याकडच्या गावांच्या नावांचं साहेबाने काय केलं ते आठवा. योगायोग असा की डब्लिनचं बस्तान डळमळल्यावर ब्लूथ आणि गोल्डमन १९९४ मध्ये जिथे गेले ते गाव म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं फिनिक्स. डब्लिनचा स्टुडिओ पुढच्याच वर्षी बंद पडला.

'द लँड बिफोर टाइम'च्या चाहत्यांची एक वेगळीच वाट पाहणी नंतर चालू राहिली. १९८८ च्या अल्बममध्ये हॉर्नरचं सगळं संगीत नव्हतं. लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर तो सिनेमा पन्नासदा पाहिलेली मुलं मोठी झाली, त्यांना प्रत्येक दृश्याखालचा सूर पाठ, आणि अल्बममध्ये तो शोधायला गेलं तर मधलेच तुकडे गायब. इंट्राडा या संग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपनीने विस्तारित आवृत्ती काढली ती २०२० मध्ये. बत्तीस वर्षं. तोवर हॉर्नर विमान अपघातात जाऊनही पाच वर्षं झाली होती.

ब्लूथ गेला, पण मागे एक शाळा राहिली. स्टुडिओला माणसं पुरवण्यासाठी डब्लिनच्या बॅलीफर्मट भागातल्या कॉलेजात ॲनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. बॅलीफर्मट म्हणजे कामगार वस्ती, आपल्या गिरणगावाच्या जातकुळीची. मालक निघून गेला तरी तालीम चालू राहावी तसं ते झालं. तिथेच टॉम मूर, नोरा टूमी आणि पॉल यंग शिकले, आणि १९९९ मध्ये त्यांनी डब्लिन सोडून किल्केनी या मध्ययुगीन किल्ल्याच्या छोट्या गावात कार्टून सलून थाटलं.

त्यांचा पहिला चित्रपट, २००९ चा 'द सीक्रेट ऑफ केल्स', कॉलेजपासून डोक्यात होता. नवव्या शतकातली पोथी, नॉर्स लुटारूंची भीती, रानात राहणारी एक परीसारखी मुलगी. पण एवढा पैसा एकट्या आयर्लंडमध्ये नव्हता. म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमचे निर्माते सोबत आले. युरोपातल्या अशा सहनिर्मितीचा एक अलिखित आणि बराचसा लिखित नियम असतो: ज्या देशाचा पैसा, त्या देशात थोडं काम. कुणी रंग भरतं, कुणी ध्वनी सांभाळतं. इथे संगीतकार फ्रान्सचा आला, ब्रुनो कूले. 'ले कोरिस्त' या चित्रपटातल्या मुलांच्या समूहगानाने तो जगभर पोचला होता, आणि त्याआधी त्याने कॉर्सिका बेटावरच्या आ फिलेत्ता या गायकांबरोबर काम केलं होतं. छोट्या भाषांचे आवाज मोठ्या वाद्यवृंदात कसे बसवायचे, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणजे पुन्हा बाहेरचा संगीतकार, ब्लूथच्या वेळसारखाच? नाही. या वेळी त्याच्या शेजारी कीला बसले होते.

कीला हा बँड १९८७ मध्ये डब्लिनमधल्या एका आयरिश माध्यमाच्या शाळेत जमला. त्यात ओ स्नोडी घराण्यातले तीन भाऊ, रोनान, रोसा आणि कोल्म. ते आयरिशमध्ये लिहितात आणि गातात, पण संग्रहालयातली वस्तू पुसून ठेवावी तसं नाही. बोराँ नावाचं त्यांच्याकडचं डफासारखं चर्मवाद्य रोनान असं वाजवतो की वर शब्द ताशाच्या काडीसारखे पडतात. १९९७ च्या त्यांच्या अल्बमचं नाव आहे 'तोग ए गो बोग ए', म्हणजे साधारण 'जरा सबुरीने घे'. लग्नाच्या मांडवात आणि पावसातल्या मैदानावर वाजणारा बँड. कूले आणि कीला ही जोडी पुढे तीनही चित्रपटांत टिकली, आणि तिथेच डब्लिन आणि किल्केनीमधला फरक कळतो. पैसा पूर्वीसारखाच बाहेरून येत होता. पण कान इथले होते.

'केल्स'मध्ये मांजराचं नाव पँगर. हे नाव नवव्या शतकातल्या एका आयरिश भिक्षूच्या कवितेतून आलं. पोथी लिहिता लिहिता त्याने आपल्या मांजरावर कविता केली, ती पोथी आज ऑस्ट्रियातल्या एका मठात आहे. चित्रपटाच्या शेवटी नामावली सरकत असताना मिक लॅली या नटाच्या आवाजात ती कविता आयरिशमध्ये ऐकू येते. लोक कोट घालून, पॉपकॉर्नचे डबे उचलून निघालेले असतात तेव्हा. मला ही जागा फार बोलकी वाटते. भाषा आहे, पण दाराशी. निघता निघता कानावर पडेल एवढीच.

पुढच्या चित्रपटात ती दारातून आत आली.

'साँग ऑफ द सी' कसा सुचला, ते टॉम मूर यांनी अनेकदा सांगितलंय. केरी भागात कुटुंबासह सुट्टीवर असताना समुद्रकिनाऱ्यावर मारून टाकलेले सील दिसले. मच्छीमार मासळी घटल्याचा राग सीलवर काढत होते. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, पूर्वी असं झालं नसतं. पूर्वी लोक मानायचे की सीलमध्ये बुडालेल्या माणसांचे जीव असतात, किंवा त्या सेल्की असतात, म्हणजे कातडं उतरवलं की बाई होणाऱ्या. गोष्ट विसरली आणि सील मेले. हे एवढं सरळ वाक्य या सिनेमाच्या मुळाशी आहे.

सिनेमातली मुलगी, सीर्शा, बोलत नाही. तिची आई सेल्की होती आणि समुद्रात परत गेली. सीर्शाला एक गाणं गायचंय, ते गायलं की दगड होऊन पडलेले जुने देव-यक्ष मोकळे होतील. नाही गायलं तर ती स्वतः जाईल. थोडक्यात, इथे गाणं ही गोष्टीत टाकलेली सजावट नाही, गाणं हीच गोष्ट आहे. आई अंगाई म्हणून ते सुरुवातीला गाते, मग सिनेमाभर त्याचे तुकडे ऐकू येतात, शिंपल्यातून फुंकलेले, अर्धवट गुणगुणलेले. पूर्ण गाणं तुम्हाला शेवटापर्यंत मिळत नाही. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांची थोडी माफी मागतो, पण हे सांगितल्याशिवाय पुढचा पेच कळणार नाही.

पेच असा. सिनेमाचा पहिला खेळ सप्टेंबर २०१४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात झाला. १० डिसेंबरला तो फ्रान्समध्ये लागला, त्याच महिन्यात अमेरिकेत. जानेवारी २०१५ मध्ये ऑस्करचं नामांकन. फेब्रुवारीत 'बिग हिरो सिक्स'ने ते पारितोषिक नेलं. आणि आयर्लंडच्या थिएटरांत तो कधी लागला? १० जुलै २०१५ ला. आयर्लंडमध्ये काढलेला, आयर्लंडच्या गोष्टीचा सिनेमा सर्वसाधारण आयरिश प्रेक्षकाला टोरांटोनंतर दहा महिन्यांनी मिळाला. वितरणाचं गणित, शाळेच्या सुट्ट्या, सहनिर्मितीतल्या देशांचे करार, कारणं काहीही असोत. पण अल्बम आधीच बाहेर आला होता.

त्यामुळे आयर्लंडमध्ये नकळत आपल्यासारखी परिस्थिती तयार झाली. गाणी आधी, पिक्चर मग. आणि हातात फक्त गाणी असली की माणूस काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. तुकड्यांच्या नावांवरून गोष्ट ओळखू पाहतो. याचा सगळ्यात मोठा फटका बसला होता १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स'ला: नव्या भागाचा अल्बम सिनेमाच्या पंधरा दिवस आधी आला आणि एका तुकड्याच्या नावातच क्वाय-गॉन मरतो हे छापलेलं होतं. 'साँग ऑफ द सी'च्या अल्बममध्ये तसं रहस्य फुटत नाही. फुटतं ते दुसरंच. सिनेमा जे गाणं दीड तास राखून ठेवतो, ते अल्बमवर बटण दाबलं की सलग वाजतं. ज्यांनी अल्बम आधी ऐकला त्यांच्यासाठी सीर्शाचं मौन म्हणजे 'हिला गाणं येतं का?' असं राहिलं नाही, 'म्हण ना गं आता' असं झालं. मला विचाराल तर काही बिघडलं नाही. नाटकातलं पद माहीत असतं म्हणूनच तर आपण पदाच्या आधीच्या संवादाला पुढे सरकून बसतो.

या अल्बमवर ती अंगाई दोन गायिकांच्या आवाजात आहे. एक लिसा हॅनिगन, मीथ परगण्यातली, जिने आईचं पात्रही बोललंय. दुसरी नोल्वेन लरुआ, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली. फ्रेंच आवृत्तीत आईचा आवाज तिचा. तिच्या २०१० च्या 'ब्रेतोन' या अल्बमने फ्रान्समध्ये खपाचे विक्रम केले होते, आणि त्यात ब्रेटन भाषेतल्या लोकगीतांबरोबर एक आयरिश गाणंही होतं. फ्रान्समध्ये अनेकांनी या सिनेमाची वाट पाहिली ती तिच्यासाठी. मग आयर्लंडची अंगाई कुणाची? माझा कल हॅनिगनकडे आहे. तिच्या आवाजात श्वासाचा किंचित खरखरीतपणा राहू दिलाय, बाळ अर्धवट झोपलंय आणि आई स्वतःच दमलीय असा. पण ब्रिटनीची पोर ते गाते यालाही अर्थ आहे. तिची भाषाही सरकारी शाळेने मारून मारून विसरायला लावलेली.

आणि त्याच अल्बमवर आयरिशमध्ये एक गाणं आहे, 'अवरॉन ना फॅरिगा', समुद्राचं गाणं, हॅनिगनच्याच आवाजात. शिवाय 'डूलामॉन' आहे, समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्यांचं पारंपरिक गाणं. ते आयर्लंडला आधीपासून ठाऊक होतं. डॉनेगॉलच्या क्लॅनड या बँडने १९७६ मध्ये आख्खा अल्बमच त्या नावाने काढला होता. सिनेमात ते तीन गमत्ये यक्ष गातात, आणि त्यांतल्या एकाचा आवाज कीलाच्या कोल्म ओ स्नोडीचा. म्हणजे नामावलीच्या शेवटून भाषा आता मधोमध आली, तीही विनोदी पात्रांच्या तोंडी. हे मला महत्त्वाचं वाटतं. भाषा फक्त शोकगीतांत उरली की ती गेलीच समजा. तिच्यात हसता यायला हवं.

जुलैमध्ये सिनेमा लागला तेव्हा त्याची आयरिश भाषेतली आवृत्तीही होती, 'अवरॉन ना मारा'. ब्रेंडन ग्लीसन उत्तम आयरिश बोलतात, वडिलांचं काम त्यांनी दोन्ही भाषांत केलं. नावातली गंमत बघा: अल्बमवरच्या गाण्यात समुद्राला 'फॅरिगा', सिनेमाच्या नावात 'मारा'. दोन्ही समुद्रच. आपण सागर म्हणू आणि दर्या म्हणू, तसं.

पण हे शब्द समजणारे किती? इथे आकडे थोडे कडू आहेत. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंड प्रजासत्ताकात १८ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी 'आम्हाला आयरिश येते' असं लिहिलं, म्हणजे साधारण चाळीस टक्के. शाळेबाहेर रोज ती बोलणारे निघाले ७१,९६८. आधीच्या, २०१६ च्या मोजणीपेक्षाही कमी. मुलं बालवाडीपासून शेवटच्या परीक्षेपर्यंत तेरा-चौदा वर्षं ती सक्तीने शिकतात आणि बहुतेकांची ती परीक्षेच्या दिवशीच संपते. १८४५ च्या बटाट्याच्या रोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळाने मेले आणि देशोधडीला लागले ते प्रामुख्याने पश्चिमेचे गरीब, आणि आयरिश बोलणारे तेच. उरलेल्यांनी मुलांना इंग्रजी शिकवलं, कारण जहाजावर चढायचं तर इंग्रजी हवी.

अशा देशात एखाद्या ॲनिमेशनपटाच्या अल्बमची वाट पाहणं म्हणजे काय? शाळेत जी भाषा व्याकरणाच्या छडीखाली भेटली, ती मुलाला झोपवताना म्हणता येईल अशा रूपात मिळणं. व्याकरण माहीत नसलं तरी चालतं. विभक्ती चुकली तरी बाळ काही लाल शाई मारत नाही. मी याला भाषेचं पुनरुज्जीवन म्हणणार नाही, गाणी पाठ असणं आणि भाषा येणं यात दर्याएवढं अंतर आहे. पुण्यात इंग्रजी माध्यमातली पोरं अजय-अतुलची गाणी बिनचूक म्हणतात आणि आजीला पत्र लिहायचं तर अडतात. पण गाणंही नसेल तर काय उरतं, याचं उत्तर आयर्लंडकडे आहे. ते दीडशे वर्षं त्याचा अनुभव घेतायत.

तिसऱ्या खेपेला वाट पाहायला लावली ती महामारीने. 'वुल्फवॉकर्स' ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस थिएटरांत यायचा होता. २२ ऑक्टोबरपासून देशभर पाचव्या पातळीचं लॉकडाउन लागलं, थिएटरं बंद. डिसेंबरच्या सुरुवातीला पडदे उघडले, आणि ११ डिसेंबरला सिनेमा ॲपल टीव्ही प्लसवर आला. पुन्हा कित्येकांच्या वाट्याला मोठ्या पडद्याआधी कानच आले. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं तर सिनेमाहून जुनं आहे: नॉर्वेच्या ऑरोराचं लांडग्यांबरोबर धावण्याचं गाणं २०१५ मध्येच आलं होतं, ते या सिनेमासाठी तिने नव्याने केलं. चाहते नव्या गाण्याची वाट पाहत नव्हते, ओळखीचं गाणं कीलाच्या वाद्यांच्या शेजारी कसं बसतंय, याची पाहत होते. बसलं चांगलं. पण ते इंग्रजीत आहे, आणि या सिनेमात ते मला थोडं टोचतं, कारण गोष्ट आहे १६५० च्या किल्केनीची, क्रॉमवेलच्या फौजेने ते गाव घेतलं त्या वर्षीची. स्टुडिओ ज्या गावात आहे, तेच गाव.

क्रॉमवेलच्या राजवटीने पुढे लांडग्यांच्या मुंडक्यांवर बक्षिसं लावली, १६५३ मध्ये मादीला सहा पौंड आणि नराला पाच. जंगलं तोडायची, लांडगे मारायचे, मग जमीन आपल्या सैनिकांना वाटायची, असा तो व्यवहार. देशातला शेवटचा लांडगा कार्लो परगण्यात माउंट लीन्स्टरजवळ १७८६ मध्ये मारला, असं मानतात. आयरिशमध्ये लांडग्याला 'माक टीरे' म्हणतात, अक्षरशः 'देशाचा पोर', भूमिपुत्र. सिनेमातल्या लांडगीण होणाऱ्या आईचं आडनाव तेच ठेवलंय, मॉल माकटीरे. नामावलीत ते एकदा येतं, कुणी अर्थ सांगत नाही.